एका क्यूबिटमधून नेमकी किती माहिती पाठवता येते?

चौकस वाचक

नमस्कार. पुंजयांत्रिकीचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण करून मी सध्या क्वांटम माहितीशास्त्र स्वतःहून वाचत आहे आणि एका ठिकाणी अडकलो आहे. एका क्यूबिटची, म्हणजे क्वांटम माहितीच्या मूळ एककाची, अवस्था गोलाच्या पृष्ठभागावरील एका बिंदूने दाखवतात. त्या बिंदूचे स्थान सांगायला दोन कोन लागतात, आणि कोन ही सलग बदलणारी राशी असल्यामुळे तिच्या दशांश चिन्हापुढे हवे तितके अंक लिहिता येतात. मग एखाद्या ग्रंथालयातील सगळा मजकूर अंकांत मांडून तो एकाच फोटॉनच्या ध्रुवीकरणाच्या कोनात बसवायला तत्त्वतः हरकत काय आहे? पाठ्यपुस्तक मात्र होलेव्हो यांच्या १९७३ सालच्या प्रमेयाचा दाखला देऊन सांगते की एका क्यूबिटमधून एका बिटपेक्षा जास्त माहिती मिळूच शकत नाही.

हे पटवून घेत असतानाच पुढच्या प्रकरणात ‘डेन्स कोडिंग’ येते, आणि तिथे एक क्यूबिट पाठवून दोन बिट पोहोचतात. त्यानंतर ऑप्टिकल फायबरविषयी वाचताना आणखी एक मर्यादा भेटली, जी अंतराबरोबर कडक होत जाते आणि जिचे होलेव्हो यांच्या प्रमेयाशी नाते मला दिसत नाही. या तीन गोष्टी एकाच मर्यादेची रूपे आहेत, की मुळातच वेगवेगळ्या आहेत? थोडे गणित चालेल, पण मला कारण समजून घ्यायचे आहे.

समतल

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागापुरते लिहितो. एखादी अवस्था तयार करायला लागणारी माहिती आणि तिच्यातून परत काढता येणारी माहिती या दोन भिन्न राशी आहेत. पाठवणारा कोन हवा तितका सूक्ष्म ठरवू शकतो. घेणाऱ्याकडे मात्र एकच फोटॉन येतो, त्यावर साधे मापन केले की दोन उत्तरांपैकी एक मिळते, आणि मूळ अवस्था तिथेच संपते. त्याच अवस्थेच्या हजारो प्रती हाती असत्या तर कोनाचा अंदाज बांधता आला असता. परंतु अज्ञात अवस्थेची प्रत काढता येत नाही, हे वूटर्स आणि झुरेक यांनी व स्वतंत्रपणे डीक्स यांनी १९८२ मध्ये दाखवले.

बहुतेक पुस्तके एवढे सांगून थांबतात, आणि मला ते अपुरे वाटते. कारण घेणाऱ्यावर दोनच उत्तरांचे बंधन नाही. तो आपल्या जवळची आणखी एखादी प्रणाली त्या फोटॉनशी जोडून दोघांचे एकत्र मापन करू शकतो, आणि तशा मापनाला तीन, दहा किंवा शंभर उत्तरे असू शकतात. मग शंभर उत्तरांतून एका बिटपेक्षा अधिक का मिळू नये? होलेव्हो यांच्या प्रमेयाचे खरे काम इथे सुरू होते. पाठवलेल्या सर्व अवस्थांची सरासरी घ्या आणि तिची एन्ट्रॉपी (अनिश्चिततेचे माप) काढा. त्यातून प्रत्येक अवस्थेच्या स्वतःच्या एन्ट्रॉपीची सरासरी वजा करा. घेणाऱ्याने कोणतेही मापन निवडले, तरी त्याला मिळणारी माहिती या वजाबाकीपेक्षा जास्त असू शकत नाही. क्यूबिटच्या एन्ट्रॉपीची कमाल किंमत एक बिट असल्यामुळे वजाबाकीही एकच्या वर जात नाही. कोन किती निवडले आणि उत्तरे किती आहेत, यांपैकी कशाचाही त्या कमाल किमतीवर परिणाम होत नाही.

एक छोटे उदाहरण पाहा. समजा, आपण ०, ६० आणि १२० अंश अशा तीन ध्रुवीकरण दिशा सारख्याच प्रमाणात वापरता. तीन पर्यायांत मिळून सुमारे १.५८५ बिट भरतात, आणि होलेव्हो यांची मर्यादा १ बिट येते. प्रत्यक्षात एकेका फोटॉनवर सर्वोत्तम मापन करूनही ०.५८५ बिटच हाती लागतात. म्हणजे एक बिट हे वरचे छत झाले; अवस्था एकमेकींना लंब नसतील तर हात तिथपर्यंत पोहोचतही नाही.

याच्या पुढची गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. पेरेस आणि वूटर्स यांनी १९९१ मध्ये याच तीन दिशा घेऊन असा विचार केला की प्रत्येक संदेशासाठी एकाच दिशेचे दोन फोटॉन पाठवले आणि घेणाऱ्याने त्या दोघांचे एकत्रित मापन केले तर काय होईल. उत्तर येते सुमारे १.३७ बिट, म्हणजे ०.५८५ च्या दुपटीपेक्षा (१.१७ पेक्षा) स्पष्टपणे जास्त. पाठवताना दोन्ही फोटॉन पूर्णपणे स्वतंत्र होते, त्यांच्यात एंटँगलमेंट (दोघांची अवस्था एकत्रच सांगता येईल अशी क्वांटम गुंतवणूक) नव्हती. तरीही एकत्र मापनात वेगवेगळ्या मापनापेक्षा जास्त माहिती सापडली. पुढे होलेव्हो यांनी, तसेच शूमाकर आणि वेस्टमोरलँड यांनी १९९७-९८ च्या सुमारास सिद्ध केले की संदेश पुरेसा लांब असेल आणि सगळ्या फोटॉनांचे एकत्र मापन करता येत असेल, तर १९७३ च्या छताच्या हवे तितके जवळ जाता येते. असे प्रचंड एकत्रित मापन प्रयोगशाळेत करणे अतिशय अवघड आहे, हा भाग निराळा.

अर्धजोडी

समतल यांनी डेन्स कोडिंगचा भाग सोडला आहे, म्हणून तो मी घेते.

बेनेट आणि वीझनर यांची ही कल्पना १९९२ ची. दोन व्यक्तींकडे एंटँगल केलेल्या जोडीतील एकेक क्यूबिट आधीपासून असतो. पाठवणारी व्यक्ती आपल्या क्यूबिटवर चारपैकी एक क्रिया करते आणि तो धाडून देते. घेणारी व्यक्ती दोन्ही क्यूबिट समोर ठेवून एकत्र मापन करते आणि चारपैकी कोणती क्रिया झाली ते ओळखते. चार पर्याय म्हणजे दोन बिट. आता होलेव्हो यांचा नियम इथे लावून पाहा: मापनाच्या क्षणी घेणाऱ्याच्या हातात एक नव्हे, दोन क्यूबिट आहेत, आणि दोन क्यूबिटांचे छत दोन बिटच आहे. नियम मोडलेला नाही. त्यातील एक क्यूबिट कालच, संदेश ठरण्यापूर्वी, पोहोचला होता एवढाच फरक आहे. तेव्हा त्याच्यात संदेशाचा अंशही नव्हता.

यावरून कुणी असे समजू नये की ती जोडी एकटीच काही माहिती वाहून नेते. वर्तमानपत्रांतील लेखांत ‘एका टोकाला स्पर्श केला की दुसऱ्या टोकाला तत्क्षणी कळते’ अशी वाक्ये सर्रास येतात, आणि ती वाचून माझा तरी संयम सुटतो. पाठवणाऱ्या व्यक्तीने आपल्या क्यूबिटवर काहीही केले, तरी दुसऱ्या टोकाच्या एकट्या क्यूबिटवरील कोणत्याही मापनाची संभाव्यता तसूभरही बदलत नाही. काही पाठवल्याशिवाय फक्त जोडीच्या आधारे पोहोचणारी माहिती नेमकी शून्य असते. १९८२ मध्ये निक हर्बर्ट यांनी प्रकाशापेक्षा वेगवान संदेशाची एक योजना मांडली होती. ती का चालणार नाही याचा शोध घेताना प्रत न काढता येण्याचे प्रमेय पुढे आले, हा या विषयाच्या इतिहासातील मजेशीर भाग आहे.

डेन्स कोडिंगचा पहिला प्रयोग १९९६ मध्ये इन्सब्रुक येथे झाला. त्यात चारपैकी तीनच संदेश वेगळे ओळखता आले, कारण केवळ आरसे, किरणविभाजक आणि शोधक यांच्या साहाय्याने चारही अवस्था पूर्णपणे वेगळ्या करता येत नाहीत.

आपल्या ग्रंथालयाच्या कल्पनेला आणखी एक वाट सुचू शकते, म्हणून तीही आधीच तपासून टाकू. समजा, सगळा मजकूर एकदम वाचायचा नाही. घेणाऱ्याला हवे ते एकच अक्षर वाचायचे आहे, पण कोणते ते तो नंतर ठरवणार आहे. दोन बिट एका क्यूबिटमध्ये अशा प्रकारे ठेवता येतात की त्यांपैकी निवडलेला कोणताही एक बिट सुमारे ८५ टक्के वेळा बरोबर वाचता येतो. साध्या एका बिटमध्ये हेच प्रमाण सरासरीने ७५ टक्क्यांच्या वर जात नाही. फायदा खरा आहे. परंतु अश्विन नायक यांनी १९९९ मध्ये दाखवले की वाचनाची खात्री ठरावीक पातळीवर टिकवायची असेल, तर क्यूबिटांची संख्या बिटांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढवावी लागते. ग्रंथालय या मार्गानेही बसत नाही.

प्रकाशतंतू

मी अनेक वर्षे दूरसंचार क्षेत्रात फायबरच्या लांब पल्ल्याच्या जोडण्यांवर काम केले आहे, त्यामुळे तिसऱ्या मर्यादेबद्दल लिहितो. वरील दोन्ही प्रतिसादांत फोटॉन पोहोचतो असे गृहीत धरलेले आहे. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो तो पोहोचतो का, हाच.

उत्तम प्रतीच्या सामान्य फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाची हानी किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल असते. १०० किलोमीटरवर ती २० डेसिबल होते, म्हणजे शंभरातील एक फोटॉन पोहोचतो. ५०० किलोमीटरवर हजार कोटींतून एक. १००० किलोमीटरवर गणित असे येते की सेकंदाला हजार कोटी फोटॉन सोडले तरी दुसऱ्या टोकाला एक फोटॉन मिळण्यासाठी सरासरी तीनशेहून अधिक वर्षे थांबावे लागेल.

नेहमीच्या दळणवळणात यावर दोन उपाय आहेत. पहिला, प्रकाशाची शक्ती वाढवणे. दुसरा, दर ऐंशी-शंभर किलोमीटरवर ॲम्प्लिफायर बसवणे. साधे बिट पाठवायचे असतील तर पहिला उपाय तत्त्वतः अमर्याद चालतो: शक्ती वाढवत न्या, क्षमता हळूहळू का होईना, वाढत राहते. (काचेतील अरेषीय परिणाम मध्ये येतात, पण तो प्रस्तुत मुद्दा नाही.) क्यूबिट किंवा गुप्त किल्ली (संदेश कुलूपबंद करण्यासाठी फक्त दोन टोकांनाच ठाऊक असलेले बिट) पाठवायची असेल, तर दोन्ही उपाय निरुपयोगी ठरतात. ॲम्प्लिफायर म्हणजे एका अर्थी प्रती काढणारे यंत्र. अज्ञात क्वांटम अवस्थेवर ते चालवले की त्याचा स्वतःचा, टाळता न येणारा गोंगाट तिच्यात मिसळतो. आणि शक्ती वाढवल्याने काय होते, याचे उत्तर पिरांडोला, लॉरेन्झा, ओत्ताव्हियानी आणि बांकी यांनी २०१७ मध्ये दिले. दोन टोकांच्या मध्ये काहीही नसेल, तर फायबरच्या प्रत्येक वापरामागे मिळू शकणाऱ्या गुप्त बिटांची कमाल संख्या केवळ पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या अंशावर ठरते. हानी मोठी असेल तेव्हा ती त्या अंशाच्या सुमारे १.४४ पट असते: १०० किलोमीटरला प्रत्येक वापरामागे सुमारे ०.०१४५ बिट, ४०० किलोमीटरला एका बिटच्या दहा कोटी भागांपैकी सुमारे दीड भाग. अनंत शक्ती वापरा, परिपूर्ण शोधक वापरा, दोन्ही टोकांनी साध्या दूरध्वनीवर हवे तितके बोलून घ्यावे. आकडा हलत नाही.

ही मर्यादा दोन्ही टोकांत साधे संभाषण करण्याची मुभा देऊन काढलेली आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ती मुभा काढून घेतली आणि ‘इकडून तिकडे क्यूबिट पाठवा, परत काही विचारू नका’ अशी अट घातली, तर अर्ध्याहून अधिक प्रकाश हरवला की क्षमता पूर्ण शून्य होते. अर्धा म्हणजे ३ डेसिबल, म्हणजे फक्त १५ किलोमीटर फायबर!

समतल

प्रकाशतंतू यांच्या १५ किलोमीटरच्या आकड्यामागचे कारण दोन ओळींत सांगता येते, आणि चौकस वाचकांना कारणच हवे आहे, म्हणून भर घालतो. फायबरमधून हरवलेला प्रकाश नाहीसा होत नाही, तो परिसरात जातो. पोहोचणारा आणि हरवणारा भाग अगदी निम्मा-निम्मा असेल, तर घेणाऱ्याला जे मिळते तेच परिसरालाही मिळते. घेणारा जर त्यातून मूळ क्यूबिट अचूक पुन्हा उभा करू शकत असेल, तर परिसरावर ताबा असलेला तिसरा कोणीही तोच क्यूबिट उभा करू शकेल, आणि एका अज्ञात क्यूबिटच्या दोन प्रती तयार होतील. हे अशक्य आहे, म्हणून क्षमता शून्य. हाच युक्तिवाद साध्या बिटला लागू होत नाही, कारण साध्या बिटच्या दोन प्रती असायला कोणाचीच हरकत नाही.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. ‘या क्वांटम मार्गाची (चॅनेलची) क्षमता किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. साधे बिट पाठवायचे आहेत, गुप्त बिट पाठवायचे आहेत, की अखंड क्यूबिट, आणि मदतीला आधीची एंटँगल जोडी किंवा परतीचे संभाषण आहे का, हे सांगितल्याशिवाय त्याला एक उत्तर नसते. होलेव्हो यांची मर्यादा साध्या बिटांची आणि जोडीच्या मदतीशिवायची. डेन्स कोडिंग जोडीच्या मदतीचे. २०१७ ची मर्यादा गुप्त बिट आणि क्यूबिट यांची, परतीच्या संभाषणासह. तिन्ही मर्यादा वेगळ्या आहेत, पण शेवटच्या दोन प्रकारच्या मालाला साध्या बिटांपेक्षा इतकी कडक वागणूक मिळते ती प्रत काढता न येण्यामुळेच.

चौकस वाचक

आपणा सर्वांचे आभार. १५ किलोमीटरच्या युक्तिवादाने बरेच काही एकदम जागेवर बसले. एक उपप्रश्न राहतो. हजार किलोमीटरच्या फायबरवर क्वांटम किल्ली तयार केल्याच्या बातम्या मी वाचल्या आहेत, आणि भारताच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये २००० किलोमीटरचे उद्दिष्ट आहे. मग २०१७ ची मर्यादा कुणी ओलांडली का?

प्रकाशतंतू

ओलांडलेली नाही, तिच्यातील ‘मध्ये काहीही नसेल तर’ ही अट बदललेली आहे. २०१८ मध्ये केंब्रिज येथील तोशिबाच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी ‘ट्विन-फील्ड’ पद्धत सुचवली. तिच्यात दोन्ही टोके मध्यावरील एका केंद्राकडे क्षीण प्रकाश पाठवतात आणि त्यांचे व्यतिकरण तिथे मोजले जाते. किल्ली बनण्यासाठी तिथे मिळून एकच फोटॉन यावा लागतो, आणि तो अर्धेच अंतर कापतो. त्यामुळे दर पोहोचणाऱ्या अंशाऐवजी त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पडतो: ४०० किलोमीटरला दहा कोटींतील एका भागाच्या आसपासचा आकडा दहा हजारांश भागाच्या घरात येतो. मधल्या केंद्रावर विश्वास ठेवण्याची गरज नसते, हा त्यातील मोठा गुण. २०२३ मध्ये चिनी गटाने याच पद्धतीने १००२ किलोमीटर फायबरवर किल्ली निर्माण केली. तिचा दर मात्र सेकंदाला एका बिटच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. विक्रम म्हणून त्याचे मोल आहे. ग्राहकाला विकता येईल अशी ती सेवा नव्हे.

उपग्रहाचा हिशेब वेगळा आहे, कारण निर्वातात प्रकाश शोषला जात नाही, फक्त पसरतो. फायबरमधील हानी अंतरासोबत घातांकी गतीने वाढते, अवकाशातील हानी अंतराच्या वर्गाने. चीनच्या ‘मिशियस’ उपग्रहाने २०१७ मध्ये सुमारे १२०० किलोमीटर दूर असलेल्या दोन भूस्थानकांना एंटँगल जोड्या पुरवल्या. उपग्रहावर सेकंदाला ५९ लाख जोड्या तयार होत होत्या आणि जमिनीवर सेकंदाला सरासरी एकाच जोडीची नोंद होत होती. हे ऐकून हसू येईल; पण तेवढ्याच लांबीच्या फायबरमध्ये २४० डेसिबल हानी झाली असती आणि पृथ्वीच्या वयात एखादी जोडी मिळण्याचीही शाश्वती नसती.

एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या आपल्या मिशनमध्ये, ज्याचा खर्च ६००३.६५ कोटी रुपये धरला आहे, २००० किलोमीटरचे उद्दिष्ट उपग्रहाच्या आधारे देशातील भूस्थानकांमधील सुरक्षित संपर्काचे आहे, अखंड फायबरचे नाही. याआधीचे टप्पे आपल्याला ठाऊक असतील: इस्रोने २०२१ मध्ये अहमदाबादला मोकळ्या हवेतून ३०० मीटरवर किल्ली पाठवली, आणि २०२२ मध्ये डीआरडीओ व आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल या शंभराहून अधिक किलोमीटरच्या, आधीच टाकलेल्या व्यावसायिक फायबरवर ती पाठवली. त्याहून लांब फायबरसाठी आज सरसकट वापरला जाणारा मार्ग म्हणजे मध्ये मध्ये विश्वासू केंद्रे ठेवून किल्ली एकेका टप्प्याने पुढे नेणे. त्यात प्रत्येक केंद्राला किल्ली कळते, आणि सुरक्षिततेचा प्रश्न पुंजयांत्रिकीकडून त्या खोलीच्या कुलपाकडे जातो.

अर्धजोडी

एक सावधगिरीची नोंद करते, कारण वरील चर्चेवरून या मर्यादांचे सगळे गणित पूर्ण झाले आहे असा समज होऊ शकतो. केवळ प्रकाश हरवणारा फायबर हा सुदैवाने सोपा मार्ग आहे, म्हणून त्याची क्षमता एका ओळीत लिहिता येते. सर्वसाधारण क्वांटम मार्गाच्या क्षमतेचे सूत्र लॉइड, शोर आणि डेव्हेटाक यांच्या १९९७ ते २००५ या काळातील कामातून मिळाले, पण त्यात मार्ग एकदा, दोनदा, तीनदा असे अमर्याद वेळा एकत्र वापरून कमाल शोधावी लागते. स्मिथ आणि यार्ड यांनी २००८ मध्ये असे दोन मार्ग दाखवले की प्रत्येकाची क्यूबिट वाहण्याची क्षमता शून्य, आणि दोन्ही एकत्र वापरले की ती शून्याहून जास्त! शून्य अधिक शून्य शून्य न येणारी गोष्ट साध्या बिटांच्या, शॅनन यांच्या माहिती सिद्धांतात सापडत नाही. पाठोपाठ २००९ मध्ये हेस्टिंग्ज यांनी दाखवले की साध्या बिटांच्या बाबतीतही मार्ग वेगवेगळे मोजून बेरीज करता येईलच असे नाही.

अगदी प्राथमिक उदाहरणही अजून सुटलेले नाही. क्यूबिटवर तीन प्रकारच्या चुका सारख्याच संभाव्यतेने होतात असा मार्ग घ्या, जो प्रत्येक पाठ्यपुस्तकात पहिल्या काही पानांत असतो. चुकीची एकूण संभाव्यता सुमारे १९ टक्क्यांच्या खाली असेल तर क्यूबिट पाठवता येतात, हे माहीत आहे. २५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर येत नाहीत, हेही माहीत आहे, आणि कारण पुन्हा समतल यांनी सांगितलेला प्रतीचाच युक्तिवाद आहे. मधल्या पट्ट्यात क्षमता नेमकी कुठे शून्य होते, ते अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. चौकस वाचकांनी पुढच्या वाचनासाठी विषय शोधत असल्यास डिव्हिन्सेन्झो, शोर आणि स्मोलिन यांच्या १९९८ च्या कामापासून सुरुवात करावी. १९ टक्क्यांच्या जवळची ती सीमा थोडीशी का होईना पुढे कशी सरकते, हे तिथे कळेल.